बी.पी.एड.ला जायचंय? मग आधी खेळाचं सर्टिफिकेट शोधा, फॉर्म नंतर भरा

दरवर्षी मला ठरलेला मेसेज येतो, "सर, कॉलेजकडून कबड्डी खेळलोय, बी.ए. झालंय, बी.पी.एड.ला चालेल का?" बहुतेक चालतं, पण ते कशाच्या जोरावर चालतं हे माहीत नसल्यामुळे चांगली खेळलेली पोरं ऐन कागदपत्रांच्या वेळी अडकतात आणि त्यांचं एक वर्ष जातं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितोय. हे सगळं महाराष्ट्रातल्या प्रवेशाबद्दल आहे.

पहिलं म्हणजे हा कोर्स कशासाठी आहे ते बघा. बी.पी.एड. (बॅचलर ऑफ फिजिकल एज्युकेशन) हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा कोर्स आणि तो मुळात शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचंय त्यांच्यासाठी. बारावीनंतर लगेच जायचं असेल तर डी.पी.एड., म्हणजे याच विषयाचा डिप्लोमा, वेगळा. एकाच खेळाचा कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा वेगळा, आणि नुसतं जिम ट्रेनर व्हायचं असेल तर दोन वर्षं इथे घालवायची खरंच गरज नाही, त्यासाठी फिटनेस ट्रेनरचे छोटे सर्टिफिकेट कोर्स असतात. हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पात्रता. नियम एनसीटीईचे, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कोर्सना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे, २०१४ चे. कुठल्याही शाखेची पदवी ५० टक्क्यांनी असेल तर आंतरमहाविद्यालयीन, झोनल, जिल्हा किंवा शालेय स्पर्धेतला नुसता सहभाग पुरतो, नंबर आलेला असायलाच हवा असं काही नाही. मार्क कमी म्हणजे ४५ ते ५० च्या मधे असतील तर मात्र खेळातली कामगिरी वरची लागते: त्याच स्पर्धांमधे पहिला, दुसरा, तिसरा नंबर, नाहीतर राज्य, राष्ट्रीय किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेतला सहभाग. पदवीच शारीरिक शिक्षणातली असेल, किंवा पदवीला शारीरिक शिक्षण हा विषय म्हणून घेतलेला असेल, तरी ४५ टक्के चालतात. आणि जो आंतरराष्ट्रीय खेळलाय किंवा राष्ट्रीय, आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत आलाय त्याला पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. राखीव प्रवर्गाला टक्क्यांत सवलत आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तरी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देता येते, फक्त प्रवेशाच्या वेळी निकाल हातात पाहिजे.

खरी गंमत सर्टिफिकेटची आहे आणि माझं सगळं सांगणं तिथेच आहे. स्पर्धा मान्यताप्राप्त पाहिजे, म्हणजे स्कूल गेम्स फेडरेशन, असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, इंडियन ऑलिंपिक असोसिएशन किंवा भारत सरकार यांनी मान्यता दिलेली. गावातल्या मंडळाच्या चषकाचं, ओपन मॅरेथॉनचं प्रमाणपत्र कितीही देखणं असलं तरी इथे उपयोगाचं नाही. शाळेत असताना क्रीडा खात्यामार्फत होणाऱ्या जिल्हास्तर शालेय स्पर्धेत खेळला असाल आणि तो जुना कागद सापडला तर तो सोन्यासारखा आहे. आमच्या एका मित्राचं नाव सर्टिफिकेटवर टोपणनावाने टाकलेलं होतं, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही आणि प्रवेशाच्या वेळी दोन आठवडे त्याची नुसती पळापळ. तुमचं नाव दहावीच्या मार्कलिस्टवर आहे तसंच सर्टिफिकेटवर आहे का, खेळ, वर्ष, स्पर्धेची पातळी, सही-शिक्का आहे का हे आजच बघा. हरवलं असेल किंवा चूक असेल तर ज्यांनी दिलं त्यांच्याकडेच, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागात, विद्यापीठात किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. याला वेळ लागतो, म्हणून परीक्षेच्या आधी.

एक गोंधळ अजून. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी सर्टिफिकेटची जी पडताळणी करावी लागते ती वेगळी गोष्ट आहे, तिच्या अटी जास्त कडक आहेत. दोन्ही एकच समजू नका.

प्रक्रिया अशी: राज्य सीईटी सेलच्या वेबसाइटवर रजिस्ट्रेशन, फी, हॉल तिकीट, मग ऑनलाइन लेखी परीक्षा आणि त्यानंतर मैदानावर फील्ड टेस्ट. लेखी देऊन फील्ड टेस्टला न जाणारेही असतात, असं करू नका, दोन्ही मिळून मेरिट लागतं. फील्ड टेस्टला शारीरिक क्षमता बघतात आणि खेळणं सोडून दोन वर्षं झाली असतील तर आठवडाभरात ती येत नाही, दोन-तीन महिने आधी पळायला लागा. डॉक्टरचं मेडिकल फिटनेस सर्टिफिकेटही तयार ठेवा. रजिस्ट्रेशन साधारण डिसेंबर-जानेवारीच्या आसपास उघडतं, तेव्हापासून साइट बघत राहा.

निकाल लागला की झालं असं समजून बरेच जण शांत बसतात आणि इथेच फसतात! सीईटीचा फॉर्म वेगळा आणि कॅप राउंडचं, म्हणजे कॉलेज वाटपाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, रजिस्ट्रेशन वेगळं. कॅपला परत नोंदणी, कागदपत्रं अपलोड, तपासणी, मेरिट लिस्ट, मग कॉलेजांचे ऑप्शन भरायचे, सीट अलॉट झाली की दिलेल्या मुदतीत कॉलेजला जाऊन फी भरून प्रवेश पक्का करायचा. मुदत चुकली की सीट गेली.

कागदपत्रांत दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या मार्कलिस्ट, टीसी, आधार, डोमिसाइल, खेळाचं सर्टिफिकेट हे सगळ्यांना. राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र, ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी, एसईबीसी असाल तर त्यावर नॉन क्रिमिलेयर, आणि ते येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं, मागच्या वर्षीचं संपलेलं घेऊन येणारे दरवर्षी भेटतात. ईडब्ल्यूएसवाल्यांना त्या वर्षाचा पात्रता दाखला. मधे गॅप असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तिचा अर्ज आधी टाका.

फीची काळजी असेल तर उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, प्रवेश झाल्यावर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा असतो आणि तो तुम्हालाच करावा लागतो, कॉलेज करून देत नाही.

ऑप्शन भरताना अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, जे १९१४ पासून या क्षेत्रात आहे, किंवा पुण्यातलं चंद्रशेखर आगाशे कॉलेज अशी नावं सगळे टाकतात, ती टाकाच. पण नाव नवीन वाटणारं कॉलेज टाकायच्या आधी त्याची एनसीटीईची मान्यता चालू आहे का ते बघा आणि जमलं तर एकदा प्रत्यक्ष जाऊन या: मैदान आहे का, ट्रॅक आहे का, सरावाला पाठवायला जवळपास शाळा आहेत का.