कवळीच्या क्रीममधील जस्त

कवळी हिरडीवर घट्ट बसावी म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही चिकट क्रीममध्ये जस्ताचा क्षार असतो. असे क्रीम भरमसाट प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर शरीरातील तांबे घटते आणि त्यातून रक्तक्षय व मज्जारज्जूचा विकार उद्भवतो. याला कधी कधी ‘जस्ताची विषबाधा’ म्हटले जाते. पण मुख्य इजा तांब्याच्या अभावाने होते, म्हणून ‘जस्तजन्य ताम्रन्यूनता’ हे नाव अधिक नेमके.

घटक : कवळी चिकटवण्याच्या जुन्या भुकट्या झाडांच्या डिंकांच्या असत. त्यांतला कराया डिंक पांढुरक्या, कागदासारख्या सालीच्या कांडोळ झाडापासून मिळतो आणि तो मुख्यतः भारतातूनच निर्यात होत आला. डिंक लाळेत लवकर विरघळतो. त्यामुळे 1960 च्या दशकापासून मिथाइल व्हिनाइल ईथर व मॅलेइक ॲनहायड्राइड यांच्या सहबहुलकाचे (दोन्हींचे रेणू जोडून बनलेल्या लांब साखळीचे) क्षार पुढे आले. बहुलकाच्या शेजारशेजारच्या साखळ्यांना कॅल्शियम आणि जस्त टाक्यासारखे बांधून ठेवतात, त्यामुळे पकड अधिक काळ टिकते. सोबत सोडियम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, व्हॅसलीन व खनिज तेल असते. म्हणजे जस्त येथे औषध म्हणून नव्हे, केवळ चिकटपणासाठी घातले जाते.

क्रिया : आतड्याच्या अस्तरपेशींत जस्त वाढले की त्या मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन अधिक तयार करतात. या प्रथिनाला जस्तापेक्षा तांब्याची ओढ जास्त. अन्नातले तांबे त्याला चिकटून पेशीतच अडकते आणि चार-पाच दिवसांनी पेशी झडते तेव्हा मलावाटे निघून जाते. विल्सनच्या रोगात शरीरात तांबे साठते. तिथे हीच युक्ती उपचार म्हणून वापरतात, आणि अमेरिकेत जस्त ॲसिटेटला त्यासाठी 1997 मध्ये मान्यता मिळाली. एकाचा उपचार तोच दुसऱ्याचा आजार, असा हा प्रकार. जस्ताच्या गोळ्यांनी तांबे उतरते हे मूळचे बिहारचे आनंद प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्येच नोंदवले होते. त्यांचे रुग्ण सिकलसेलचे होते.

शोधाचा इतिहास : तांब्याअभावी पाय लुळे पडतात हे पशुवैद्यांना आधी कळले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांच्या कोकरांतील अशा विकाराचा संबंध बेनेट्स व चॅपमन यांनी 1937 मध्ये गाभण मेंढ्यांतील ताम्रन्यूनतेशी जोडला. माणसांतला तसाच मज्जारज्जू-विकार मात्र साधारण 2000 नंतरच स्वतंत्र ओळख मिळवू शकला. पीटर हेडेरा व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये काही रुग्ण वर्णिले : तांबे कमी, जस्त जास्त, पण जस्त येते कुठून याचा पत्ता नाही. चयापचयातच काही मूळ दोष असावा, अशीही शंका त्या काळात होती. 2008 मध्ये डॅलस येथील नेशन्स व सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या तोंडातच उत्तर दाखवले. चौघेही कवळीचे क्रीम आठवड्याला दोन किंवा अधिक ट्यूब संपवत होते. तपासलेल्या क्रीममध्ये दर ग्रॅमला सुमारे 17 ते 34 मिग्रॅ. जस्त आढळले. हेडेरा यांनी 2009 मध्ये आपल्या अकरा रुग्णांचा मागोवा घेतला तेव्हा तेथेही सैल कवळी आणि क्रीमचा अतिरेक निघाला. मूळ दोषाची कल्पना त्यानंतर मागे पडली, आणि ते योग्यच झाले.

मात्रेचा वाद : 68 ग्रॅमच्या दोन ट्यूब आठवड्यात संपल्या तर रोज 330 ते 660 मिग्रॅ. जस्त तोंडात जाते. प्रौढाची सुरक्षित कमाल मर्यादा अमेरिकेत 40 मिग्रॅ. धरतात. अशी एकच ट्यूब आठ आठवडे पुरवली तर हिशेब रोज सुमारे 21 ते 41 मिग्रॅ. येतो, आहारातले जस्त त्यावर वेगळे. लावलेले सगळे क्रीम गिळले जात नाही आणि गिळलेले सगळे जस्त शोषले जात नाही, त्यामुळे बेताने वापरणाऱ्याला धोका असल्याचा पुरावा नाही. किती वर्षे, किती ग्रॅम म्हणजे आजार, हा प्रश्न अमेरिकी न्यायालयांतही गेला. फ्लोरिडातील एका खटल्यात फिर्यादीच्या तज्ज्ञांची साक्ष अग्राह्य ठरली आणि अपील न्यायालयाने 2014 मध्ये तो निर्णय कायम केला; मात्रा व परिणाम यांचा संबंध दाखवणारा लोकसंख्यापातळीचा अभ्यास नव्हता, हे त्यामागचे एक कारण. मात्र न्यायालयाची कसोटी आणि दवाखान्यातली कसोटी एक नव्हे. जस्त चढलेले, तांबे उतरलेले, क्रीम थांबवल्यावर रक्त सुधारते : एवढी साखळी जुळल्यावर अतिवापरापुरता कार्यकारणभाव बहुतेक मज्जासंस्थातज्ज्ञ मान्य करतात.

लक्षणे : तळपायाला मुंग्या, मग बधिरपणा. डोळे मिटून किंवा अंधारात चालताना तोल जातो, पाय ताठरतात. मानेतील मज्जारज्जूच्या मागच्या भागात एमआरआयवर पांढरा पट्टा दिसू शकतो. हे सारे हुबेहूब बी-12 च्या अभावासारखे असल्याने आपल्याकडे, जिथे शाकाहारींत तो अभाव सर्रास आढळतो, आधी बी-12 ची इंजेक्शने दिली जाणे स्वाभाविक आहे. दोन्ही अभाव एकत्रही असू शकतात. रक्तात पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, घटतात. अस्थिमज्जेच्या नमुन्यात पेशींत पोकळ्या दिसतात, आणि त्यावरून मायेलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचे (अस्थिमज्जेत सदोष रक्तपेशी बनण्याच्या आजाराचे) चुकीचे निदान झाल्याची उदाहरणे आहेत. निदान रक्तातील तांबे, सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन) व जस्त मोजून होते.

उपचार : क्रीम बंद करणे आणि तांबे देणे. रक्त काही आठवड्यांत ताळ्यावर येते. चाल मात्र पुष्कळदा जिथे थांबली तिथेच राहते. कवळीच्या सैलपणाचे कारण हिरडीखालचे हाड झिजणे हे असते. हाड झिजते, कवळी भाकरीच्या घासाबरोबर उचलली जाते, मग बोटभर क्रीम दोन बोटे होते. त्यावर कवळीला आतून नवा थर देणे किंवा ती नव्याने करणे हा दंतवैद्याचा उपाय आहे.

नियमन : ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने 2010 मध्ये सुपर पोलिग्रिप या आपल्या क्रीमचे जस्तयुक्त प्रकार बनवणे थांबवले. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये उत्पादकांना जस्ताऐवजी दुसरा घटक वापरण्याची आणि वेष्टनावर जस्ताचा उल्लेख करण्याची सूचना केली. जस्तरहित क्रीम आता सहज मिळते. जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेणे, किंवा नाणी गिळणे (अमेरिकी एक सेंटची 1982 नंतरची नाणी 97.5 टक्के जस्ताची आहेत), यांनीही हाच आजार झाल्याची वर्णने आहेत. वृद्ध रुग्ण औषधांची यादी सांगताना गोळ्या सांगतो, क्रीम सांगत नाही. ते विचारावे लागते, आणि ट्यूब किती दिवसांत संपते हेही.