कचरा इनपुट द्या आणि प्रोग्रॅम पडतो का बघा

सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला सगळ्यात किचकट प्रश्न म्हणजे प्रोग्रॅमने दिलेलं उत्तर बरोबर आहे हे ठरवायचं कोणी? हवामानाच्या मॉडेलने काढलेला आकडा ताळ्यावर आहे का हे कशाशी जुळवून बघणार, बरोबर उत्तर आधीच माहीत असतं तर प्रोग्रॅम लिहिलाच कशाला असता. रिसर्चवाले याला ओरॅकल प्रॉब्लेम म्हणतात, आणि त्यावर ढीगभर पेपर आहेत.

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले प्रा. बार्टन मिलर यांनी १९८८ मध्ये या प्रश्नाला सरळ बगलच दिली. वादळी रात्री ते घरून फोन लाइनवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरत होते, लाइनवरच्या खरखरीमुळे भलतीच अक्षरं टाइप व्हायला लागली. खरखरीचं त्यांना काही वाटलं नाही, पण तेवढ्याने रोजच्या वापरातले प्रोग्रॅम धडाधड क्रॅश होतात याचं मात्र नवल वाटलं. मग त्यांनी विद्यार्थ्यांना क्लास प्रोजेक्टच दिला: रँडम अक्षरं तयार करा, प्रोग्रॅमला द्या, आणि फक्त दोनच गोष्टी बघा, क्रॅश झाला का किंवा हँग झाला का. उत्तर बरोबर की चूक हा प्रश्नच नाही! याला त्यांनी नाव दिलं फझ.

१९९० च्या पेपरात युनिक्सच्या सात व्हर्जन्सवरचे निकाल आले आणि प्रत्येकीवर २५ ते ३३ टक्के प्रोग्रॅम पडले होते. कारणं अगदी साधी. उदाहरणार्थ सी भाषेतलं गेट्स हे फंक्शन. प्रोग्रॅमरने ८० अक्षरांची जागा ठेवलेली असते, पण गेट्सला ती किती आहे हे सांगायची सोयच नाही, ओळ संपेपर्यंत ते वाचतच राहतं आणि ८१ व्या अक्षरापासून शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटतं. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये पसरलेला मॉरिस वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, ज्या वाटांनी मशीनमध्ये घुसला त्यातली एक हीच होती, तरी सी च्या स्टँडर्डमधून गेट्स काढायला २०११ उजाडलं.

मला स्वतःला मिलर यांचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, १९९५ मध्ये, मग विंडोज एनटीवर, मग मॅकवर, आणि टूल्स सगळ्यांना फुकट दिली. यात नवीन काय, असं विचारणाऱ्या अॅकॅडेमिक जगात हे सोपं नाही, पण पुन्हा मोजल्याशिवाय कळलं नसतं की १९९० मध्ये कळवलेल्या बग्जपैकी साधारण ४० टक्के पाच वर्षांनी जसेच्या तसे होते आणि फुकट मिळणारी ग्नू आणि लिनक्सची टूल्स विकत घेतलेल्या युनिक्सवरच्या टूल्सपेक्षा कमी वेळा क्रॅश होत होती.

आता फझिंग, म्हणजे फझने केलेलं टेस्टिंग, खूप हुशार झालंय, एएफएलसारखी टूल्स कोणत्या इनपुटने कोडचा नवा भाग चालला ते बघून पुढचं इनपुट बनवतात. तरी २०२० मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी तीच जुनी, बिनडोक रँडम पद्धत पुन्हा चालवली. लिनक्सवर १२ टक्के प्रोग्रॅम पडले, मॅकवर १६ आणि फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवर १९.