पाळीच्या पाण्यावरची वाईन

अर्जेंटिनातल्या मेंडोझा शहरात नवखा माणूस चटकन ओळखू येतो. तो वर बघत चालतो. बघण्यासारखं आहेच: डोक्यावर झाडांची कमान आणि पश्चिमेला अँडीजची बर्फाळ रांग. पण इथल्या बहुतेक रस्त्यांच्या कडेने, फुटपाथ आणि डांबराच्या मधून, उघडा पाट वाहतो. कठडा नाही, झाकणही क्वचितच. वर बघत चालणाऱ्याचा पाय एकदा तरी त्यात जातोच. परदेशी पर्यटक त्याला गमतीने ‘पाहुण्यांचा सापळा’ म्हणतात. गावकरी म्हणतात ‘असेकिया’. शब्द स्पॅनिश, पण मूळ अरबी. स्पेनच्या कोरड्या भागात पाटाचं पाणी खेळवायची विद्या अरबांनी रुजवली, तिच्याबरोबर हा शब्दही समुद्र ओलांडून आला.

हे पाट शोभेचे नाहीत. वर्षभरात इथे जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. दुष्काळासाठी गाजलेल्या आपल्या माणदेशातही सरासरी पाऊस याच्या दुपटीच्या आसपास असतो. पाट बंद झाला तर ती झाडांची कमान उभ्या उभ्या वाळून जाईल.

आणि याच रखरखाटातून माल्बेक या द्राक्षाची गडद जांभळी रेड वाईन येते. जगातल्या माल्बेकच्या एकूण लागवडीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश एकट्या अर्जेंटिनात आहे, आणि त्यातला बहुतेक भाग मेंडोझा प्रांतात. वाईनवर लिहिणारे ‘माती बोलते’, ‘डोंगर बोलतो’ असलं बरंच काही लिहितात. माझ्या मते इथे बोलतं ते पाणी. कुणी, कधी, किती दिलं आणि किती हात राखून दिलं, यावर पेल्यातला रंग ठरतो.

पाऊस का नाही, हे आपल्याला समजावून सांगायला नको. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाई ओलांडून पुढे गेलं की कसा आटत जातो, हे आपण शाळेत ‘पर्जन्यछाया’ म्हणून शिकलोय. मेंडोझाची गोष्ट तीच, फक्त भिंत फार मोठी. पॅसिफिकवरून येणारी दमट हवा चिलीच्या बाजूने अँडीज चढते, थंड होते आणि आपलं पाणी तिकडेच टाकते. याच प्रांतातलं अकोंकाग्वा शिखर ६,९६१ मीटर उंच आहे, म्हणजे चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी त्याची उंची गाठत नाहीत. पलीकडे उतरणारी हवा कोरडीठाक.

पण सह्याद्री आणि अँडीज यांत एक मोठा फरक आहे. सह्याद्रीवर पडलेलं पाणी वाहून जातं. अडवायचं तर आपल्याला धरणं बांधावी लागतात. अँडीजवर हिवाळ्यात ते बर्फ होऊन थांबतं. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा लागला की ते वितळून मेंडोझा, तुनुयान अशा नद्यांना येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात वेल फुटतात, मार्च-एप्रिलात काढणी होते. म्हणजे वेलीला तहान लागते नेमकी तेव्हाच डोंगराची तिजोरी उघडते. एवढं असूनही प्रांताच्या ५ टक्क्यांहून कमी जमिनीपर्यंत हे पाणी पोचतं. जवळजवळ सगळी माणसं आणि सगळी शेती तेवढ्यात. बाकी काटेरी झुडपं.

पाट खणायला सुरुवात केली इथल्या मूळच्या उआर्पे लोकांनी. १५६१ मध्ये स्पॅनिश लोकांनी शहर वसवलं, तेव्हा पाटाचं जाळं आधीपासूनच होतं. शहरातून वाहणाऱ्या एका कालव्याला आजही ग्वायमाय्येन या उआर्पे प्रमुखाचं नाव आहे. १८८४ मध्ये प्रांताने पाण्याचा कायदा केला आणि त्यातलं एक कलम फार शहाणपणाचं आहे: पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला. जमीन एकाला आणि पाणी दुसऱ्याला, असं विकता येत नाही.

त्या हक्काचं रोजचं रूप आपल्या शेतकऱ्याला अगदी ओळखीचं वाटेल. पाणी पाळीने मिळतं. पाळीचा दिवस ठरलेला, तास ठरलेले. वाटपावर नेमलेल्या माणसाला तिथे ‘तोमेरो’ म्हणतात. आपण त्याला पाटकरीच म्हटलं असतं. तो लोखंडी फळी वर ओढतो, चारीत वाळलेली पानं आणि फेस पुढे लोटत गढूळ पाण्याची जीभ सरकत येते, आणि बागवाला फावडं घेऊन ते सऱ्यांमध्ये वळवत जातो. पाळी रात्रीची असली तर हे सगळं बॅटरीच्या उजेडात. वेळ संपली की फळी खाली. धुळ्याकडच्या पांझरेच्या काठी पाणीवाटपाची फड पद्धत पाहिलेल्या माणसाला इथे भाषेखेरीज काहीच परकं वाटणार नाही.

माल्बेक मात्र इथला नव्हे. तो मूळचा फ्रान्सच्या नैर्ऋत्येचा, काओर गावच्या परिसरातला. जनुकीय तपासणीत त्याचे आईबाप सापडले आहेत: माग्दलेन न्वार दे शारांत आणि प्रुनलार ही दोन जुनी, आता जवळपास विस्मृतीत गेलेली वाणं. यातली पहिली मेर्लो या दुसऱ्या वाईन-द्राक्षाचीही आई, म्हणजे माल्बेक आणि मेर्लो सावत्र भावंडं. १८५३ मध्ये मिशेल एमे पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने अर्जेंटिनात फ्रेंच वेलींच्या काड्या आणल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला मेंडोझात कृषिशाळा काढण्याचा प्रस्ताव मांडला गेला. म्हणून १७ एप्रिल हा आता माल्बेक दिन. पुढे फ्रान्समध्ये फिलॉक्झेरा किडीने मुळं खाल्ली, आणि १९५६ च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीने काओरच्या उरल्यासुरल्या बागा जाळल्या. माहेरी दैना झालेलं वाण सासरी नांदलं. मेंडोझाच्या वाळूमिश्रित जमिनीत ती कीड फारशी पसरत नाही, त्यामुळे आजही कितीतरी वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे नाशिक-सांगलीत डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायचा विचार कुणी करत नाही, म्हणून हे विशेष.

आता तहानेचं विज्ञान. पाणी कमी पडू लागलं की वेलीत अॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. ते पानांवरची सूक्ष्म रंध्रं आवळतं, शेंड्याची वाढ थांबवतं. वेल पानं काढायचं सोडते आणि असलेली साखर घडांकडे वळवते. मणी लहान राहतात. आपल्या निर्यातीच्या बागेत हे ऐकून बागायतदार कपाळाला हात लावेल. त्याचा सगळा जीव मण्याच्या फुगवणीत. १८ मिलिमीटरचा मणी व्हावा म्हणून तो जीएच्या (जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकाच्या) बुडवण्या करतो. वाईनवाल्याला उलटं हवं असतं, आणि त्यामागे शाळेतलं गणित आहे. मणी गोल धरला तर रस त्याच्या घनफळात आणि साल त्याच्या पृष्ठभागावर. १८ मिलिमीटर व्यासाच्या मण्याच्या तुलनेत १२ मिलिमीटरच्या मण्यात तेवढ्याच रसामागे दीडपट साल मिळते. माल्बेकचा रस स्वतः जवळपास बिनरंगाचा असतो. रंग सगळा सालीत. साली रसातच ठेवून आंबवल्या की तो उतरतो, आणि सोबत टॅनिनही. टॅनिनसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: तुरट. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. रेड वाईनचा घोटही तेच करतो, जरा सभ्यपणे.

सालीतल्या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. जांभळाने जीभ रंगते ती यांच्यामुळेच, कोकम सरबताचा लालही यांचाच. घरी करून बघा: कोकमाच्या आगळात पाणी घालून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. आम्लता कमी झाली की लाल रंग मळकट निळ्याकडे सरकतो. वाईनचा रंगही असाच आम्लतेवर झुलतो.

वेल हा रंग बनवते कशाला, याचं उत्तर मेंडोझाच्या उंचीत आहे. शहर सुमारे ७५० मीटरवर आहे. अँडीजच्या पायथ्याच्या ऊको खोऱ्यातल्या नव्या बागा १,५०० मीटरच्या आसपास आणि काही त्याहूनही वर. उंची १,००० मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि आकाश निरभ्र असल्याने ती थेट घडावर येतात. सालीतली फिनॉल गटातली द्रव्यं (रंगद्रव्यंही त्यातलीच) हे वेलीचं छत्रीसारखं संरक्षण. मेंडोझातल्या संशोधकांनी यावर सरळ प्रयोग केला: माल्बेकच्या काही वेलींवर अतिनील-बी किरणं अडवणारं प्लास्टिक ताणलं, काहींवर ती जाऊ देणारं. किरणं अडवलेल्या घडांच्या सालीत ही द्रव्यं कमी भरली. ती किरणं सोसलेल्या वेलींचं उत्पादन मात्र घटतं. रंगाची किंमत वेल वजनात मोजते.

उंचीचा दुसरा फायदा रात्री. दिवसा ३० अंशांच्या घरात असलेलं तापमान पहाटे १५ अंशांनी किंवा अधिकच उतरतं, कारण कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवायला बाष्प नसतं. पिकत असलेला मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल जाळतो. रात्र थंड असेल तर जाळणं मंदावतं, आंबटपणा टिकतो. म्हणून उन्हात गोड झालेलं द्राक्षही मिळमिळीत होत नाही.

ऊकोतल्या काही बागांत खड्डा घेतला तर गोट्यांवर चुन्याचा पांढरा थर दिसतो, बोटाने खरवडला की भुकटी निघते. पावसाच्या मुलखात हा चुना केव्हाच विरघळून गेला असता. आपल्याकडे चुनखडीची जमीन म्हटली की पानं पिवळी पडण्याची धास्ती. तिथे याच जमिनीला चढा भाव येतो. या गोट्यांमुळे वाईनला ‘खनिज’ चव येते असं विक्रेते सांगतात, पण मूळ काही दगड चोखून पेल्यात ओतत नाही. पाणी झरझर निचरून जातं आणि वेल पुन्हा तहानते, हा परिणाम मात्र खरा.

कोरडेपणामुळे केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांचा त्रास कमी, फवारण्या कमी. पण हा मुलूख वेगळ्या मार्गाने सूड घेतो. जो थोडा पाऊस पडतो तो उन्हाळ्यात, घड भरत असताना, आणि बरेचदा गारांसकट. म्हणून बागांवर बारीक जाळ्या ताणलेल्या दिसतात. या जाळ्याही थोडं ऊन अडवतात, म्हणजे विमा काढायचा तर रंगातून हप्ता द्यायचा. दुसरा शत्रू झोंडा वारा. अँडीज ओलांडून खाली कोसळणारी कोरडी हवा दाबली जाऊन दर किलोमीटरला जवळपास १० अंश तापते. काही तासांत थंडीचा उन्हाळा होतो. फुलोऱ्यात हा वारा आला की फुलगळ होते, आणि माल्बेक त्या बाबतीत मुळातच नाजूक.

खरी काळजी मात्र वरच्या बर्फाची. २०१० पासून मध्य अँडीजवर वर्षामागून वर्ष कमी बर्फ पडलं आणि नद्या रोडावल्या. उत्तर सोपं वाटतं: पाट सोडा, ठिबक लावा. पण पाटाने भिजवताना जे पाणी ‘वाया’ जातं ते खाली मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना मिळतं. शिवाय ते मातीतले क्षार धुऊन नेतं. ठिबकच्या बागेत क्षार मुळांपाशीच साठतात. उंचावरच्या नव्या, नावाजलेल्या बागांना तर पाटच पोचत नाही. त्या बोअरवर जगतात, आणि खालच्या गावांना त्याची धास्ती वाटते.

पाण्याबद्दल हा प्रांत किती हळवा आहे, हे २०१९ च्या डिसेंबरात दिसलं. खाणींमध्ये सायनाइड आणि सल्फ्युरिक आम्ल वापरण्यावर २००७ च्या कायद्याने बंदी होती. विधिमंडळाने ती २० डिसेंबरला सैल केली. ‘मेंडोझाच्या पाण्याचा सौदा नाही’ म्हणत लोक रस्त्यावर उतरले. ऊको खोऱ्यातल्या सान कार्लोसहून माणसं शंभरेक किलोमीटर प्रांताच्या राजधानीपर्यंत, मेंडोझा शहरात आली. ३० डिसेंबरला त्याच विधिमंडळाने आपला दहा दिवसांचा कायदा रद्द केला.