स्केल म्हणजे पट्टी नव्हे

गणपतीच्या दिवसांत बडोद्याच्या दांडिया बाजारात एका मंडळाचा सुगम गायनाचा कार्यक्रम होता. पेटीवर मी होते. गाणारी मुलगी सोळा-सतरा वर्षांची, आवाज निर्मळ, पण आमची एकत्र तालीम झालेली नव्हती. बसल्या बसल्या मी विचारलं, "स्केल काय गं तुझं?" ती चटकन म्हणाली, "मायनर, मावशी."

तबलजी हातोडी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होते. मायनरवर तबला कसा मिळवणार? मी पुन्हा विचारलं, "अगं, स्केल कुठलं? काळी चार, काळी पाच?" ती गोंधळली, कारण तिच्या दृष्टीनं तिनं उत्तर दिलेलंच होतं. आज विचार करते तेव्हा वाटतं, उत्तर तिचं बरोबर होतं. प्रश्न मी चुकीचा विचारला होता.

ती कीबोर्ड शिकते, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या परीक्षा देते. तिथं स्केल या शब्दाचा जो अर्थ आहे, तो आम्हा पेटीवाल्यांच्या अर्थाहून निराळा आहे. आम्ही स्केल म्हणतो तेव्हा आम्हाला पट्टी म्हणायचं असतं. बडोद्यात मराठी घरांतली मुलं मला मावशी म्हणतात, गुजराती घरांतली बेन म्हणतात, पण स्केल हा शब्द दोघंही माझ्यासारखाच वापरतात. हीच मुलं कीबोर्डच्या क्लासला जातात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकाच शब्दाची दोन घरं होतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी पट्टी. पेटीवर आपण बोट ठेवतो ती लाकडी पट्टी, काळी किंवा पांढरी. ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा येतो ती त्याची पट्टी. वस्तूचं नाव तेच स्वराच्या उंचीचं नाव झालं. मोजणी सोपी आहे. पांढरी एक म्हणजे इंग्रजी सी, तिच्या शेजारची काळी एक म्हणजे सी शार्प. पुढे पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी नाही हे नवशिक्यांच्या लक्षात राहत नाही, आणि मग काळी तीन शोधताना ते काळी दोनवर जातात. एकूण बारा जागा. पुरुष बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. तबलजी पट्टी आधी विचारतो त्याला कारण आहे. काळी एकला छोट्या तोंडाचा, टिपेचा तबला लागतो, आणि बायकांच्या काळी चारला मोठ्या तोंडाचा, ढाल्या म्हणजे खालच्या स्वराचा. घरून निघताना कुठला उचलायचा हे त्याला ठाऊक असावं लागतं.

पट्टी हा शब्द पेटीबाहेरही किती मुरलेला आहे! "वरच्या पट्टीत बोलू नकोस" हे पेटीला कधी हात न लावलेली आजीसुद्धा म्हणते. त्यात शब्द कुठले, वाक्य कुठलं याचा काही संबंध नसतो. तेच वाक्य खालच्या पट्टीतही बोलता आलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. संगीतातही पट्टीचा अर्थ नेमका तेवढाच आहे: गाणं तेच, ते धरायचं कुठून, हा प्रश्न.

आता स्केल. लॅटिनमध्ये स्काला म्हणजे शिडी, जिना. त्यावरून हा शब्द आला. शाळेत रेघा मारायची पट्टीसुद्धा इंग्रजीत स्केल, आणि तीही त्याच शिडीवरून, कारण तिच्यावर पायऱ्यांसारख्या खुणा असतात. मराठी मुलं दप्तरातल्या त्या वस्तूला पट्टीही म्हणतात आणि स्केलही. तिथं दोन्ही शब्द एकाच वस्तूचे आहेत, त्यामुळे संगीतातही तसंच असणार असं वाटलं तर मुलांना दोष देता येत नाही.

संगीतातली शिडी म्हणजे सा पासून वरच्या सा पर्यंतच्या पायऱ्या, आणि मुख्य म्हणजे त्या पायऱ्यांमधली अंतरं. मेजर स्केल घ्या. पूर्ण स्वर, पूर्ण स्वर, अर्धा, मग पूर्ण, पूर्ण, पूर्ण, आणि शेवटी अर्धा. अर्धा म्हणजे अगदी लगतची पट्टी, पूर्ण म्हणजे मधली एक सोडून पुढची. ही अंतरं कुठल्याही पट्टीवरून मोजली तरी मेजर स्केलच वाजतं. आपल्या कानाला तो बिलावल थाट आहे; थाट म्हणजे रागांसाठी सात स्वरांचा साचा. मायनरचा जो साधा प्रकार आहे, ज्याला ते नॅचरल म्हणतात, तो आपला आसावरी थाट: गंधार, धैवत, निषाद (ग, ध, नि) कोमल, म्हणजे अर्ध्या स्वरानं उतरलेले. म्हणून त्या मुलीचं "मायनर" हे उत्तर अर्थपूर्ण होतं. ती मला गाण्याच्या पायऱ्या सांगत होती. मला हवा होता जिन्याचा मजला.

पट्टी हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांत, सांगता येते. मधल्या सप्तकातली पांढरी सहा 440 हर्ट्झ, काळी एक सुमारे 277. स्केल असं सांगता येत नाही. एकट्या स्वराला पट्टी असू शकते, स्केल असू शकत नाही, कारण अंतर असायला किमान दोन स्वर लागतात.

मग इंग्रजीत पट्टीला म्हणतात तरी काय? बहुतेक जण पटकन सांगतील, की. तो शब्द पट्टीसारखाच आहे खरा. पेटीवरची लाकडी पट्टीही की आणि गाण्याची उंचीही की. पण इथं थोडं थांबायला हवं. त्यांच्या की मध्ये आपली पट्टी येते आणि शिवाय स्केलही येतं. बेटोव्हनची पाचवी सिंफनी सी मायनरमध्ये आहे असं म्हणतात, तेव्हा सी हा शब्द सा कुठे ते सांगतो आणि मायनर हा शब्द पायऱ्या कशा ते. दोन्ही मिळून ती की होते. जर्मन संगीतकार बाखनं 1722 साली सगळ्या की घेऊन एक संग्रह केला, त्यात प्रिल्यूड आणि फ्यूग या दोन रचनाप्रकारांच्या चोवीस जोड्या आहेत. की म्हणजे नुसती पट्टी असती तर बाराच भरल्या असत्या. बारा पट्ट्या, प्रत्येकीवर एक मेजर आणि एक मायनर, म्हणून चोवीस.

आपल्याकडे ही जोडणी कधी झालीच नाही, आणि मला वाटतं गोंधळाचं मूळ तिथं आहे. आपला सा कुठेही बसतो. यमन राग काळी एकचा किंवा काळी पाचचा नसतो, तो यमन असतो. सूरसागर तलावाच्या काठी संगीत महाविद्यालयाबाहेर संध्याकाळी उभं राहावं. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गायक मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेचंच ते आजचं रूप. एका खोलीतून मुलगा यमन घोटत असतो, दुसऱ्या खोलीतून मुलगी, दोघांचे तंबोरे वेगवेगळे लागलेले, आणि रस्त्यावरच्या माणसाला दोन्हीकडे यमनच ऐकू येतो. पायऱ्यांसाठी आपल्याकडे मेळ, थाट, राग असे पुरेसे शब्द होते. स्केल हा शब्द आला तेव्हा पायऱ्यांच्या बाजूला त्याला जागा नव्हती, आणि तो पट्टीच्या बाजूला जाऊन बसला.

पेटीच्या बाजारानं तर त्यावर शिक्काच मारला. स्केल चेंजर पेटी सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात पट्ट्यांचा सगळा फळा सुरांवरून डावीकडे-उजवीकडे सरकतो. वादक बोटं काळी एकच्याच सवयीनं चालवतो आणि सूर काळी दोनचे निघतात. म्हणजे ती पट्टी बदलते. स्केल, इंग्रजी अर्थानं, ती मुळीच बदलत नाही. बिलावल वाजवत असाल तर सरकवल्यावरही बिलावलच वाजेल. पाश्चात्य वादक या क्रियेला ट्रान्सपोज म्हणतो, आणि कीबोर्डवर तसं बटणही असतं. मी कीबोर्डच्या मुलांना हे सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो: ट्रान्सपोजचं बटण दाबलं की पट्टी हलते, बस्स.

स्केल चेंजर हे नाव आता बदलणार नाही, बदलावं असंही मला वाटत नाही. दुकानात जाऊन कुणी पट्टी-बदल पेटी मागितली तर दुकानदार बघतच राहील. बोलण्यात रुळलेला शब्द आपल्या जागी बरोबरच असतो. पण आपण कुठल्या घरात उभे आहोत ते ओळखता आलं पाहिजे. भजनी मंडळात, गरब्याच्या वाद्यवृंदात, ऑर्केस्ट्रात स्केल विचारलं तर पट्टी सांगावी. पियानो, गिटार, व्हायोलिनच्या पाश्चात्य क्लासमध्ये विचारलं तर पायऱ्या सांगाव्यात. तिथं स्केल्स वाजव म्हणाले तर आपले अलंकार-पलटे घोटतो तसा तो रियाज आहे असं समजावं.

अजून एक घसरण सांगते, कारण ती माझ्याच वर्गात होते. स्केल म्हणजे पायऱ्या हे कळलं की मुलं म्हणतात, मग स्केल म्हणजे राग! तेही नव्हे. भूप आणि देसकार दोघांचे स्वर तेच आहेत, सा रे ग प ध, म्हणजे स्केल एकच. पण भूप गंधाराशी रेंगाळतो आणि देसकार धैवताशी, वरच्या अंगानं चालतो. मारवा, पूरिया, सोहनी यांचेही स्वर तेच आणि स्वभाव तीन. जिना एकच असला तरी कुणी कुठल्या पायरीवर बसतं हे जिना सांगत नाही. थाटाशी बरोबरी करायची तर तीही जपून, कारण थाटाला सात स्वर लागतात आणि स्केल पाचांचंही असू शकतं.

आता ज्यांच्या घरी पेटी किंवा कीबोर्ड आहे त्यांनी पुढचं वाचताना समोर घ्यावं. फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरायच्या, पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीनला सा माना आणि वर जा: सा रे ग प ध. भूप. आता बोटं त्याच पाचांवर ठेवा, पण सा काळी चारला माना. मधमाद सारंगाचे स्वर येतात. काळी पाचला सा मानला की मालकंस. काळी एकवरून दुर्गा. काळी दोनवरून धानी. पाचच पट्ट्या, त्यांत एकही सूर नवा आला नाही, फक्त सा हलत गेला. जुने लोक याला मूर्च्छना म्हणतात. पांढऱ्यांवरही हे करता येतं: पांढरी एकवरून बिलावल, दोनवरून काफी, तीनवरून भैरवी, चारवरून कल्याण, पाचवरून खमाज, सहावरून आसावरी. पांढरी सातवरून मात्र शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून तो जिना आपल्या थाटांत बसत नाही.

आणि हे नुसतं पेटीवरचं गणित नाही. पंडित जसराज यांनी रुजवलेल्या जसरंगी जुगलबंदीत गायक आणि गायिका एकाच वेळी दोन वेगळे राग गातात, प्रत्येक जण आपापल्या सोयीच्या पट्टीत. गायकाचा मध्यम (म) तो गायिकेचा षड्ज (सा). तो अभोगी गातो, ती कलावती. समजा त्याचा सा काळी एक. अभोगीसाठी त्याला काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन आणि काळी पाच लागतात. तिचा सा काळी तीनला. कलावतीसाठी तिलाही याच पाच पट्ट्या लागतात. पेटीवाल्याला एकही जास्तीची पट्टी दाबावी लागत नाही आणि ऐकणाऱ्याला दोन राग ऐकू येतात. मी हे पहिल्यांदा पेटीवर स्वतः वाजवून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते.

दांडिया बाजारातल्या त्या संध्याकाळी शेवटी मी एवढंच म्हटलं होतं, "बाळा, सा लाव." तिनं लावला. काळी चार निघाली, तबलजींनी मोठ्या तोंडाचा तबला पुढे ओढला, आणि गाणं छान झालं. तेव्हापासून मी कुणालाच स्केल विचारत नाही, सा कुठे ते विचारते.

पुढच्या रविवारी ती घरी आली. मी तिला काळ्या पट्ट्यांचा हा खेळ दाखवला. काळी तीनवरून भूप तिला ओळखीचा वाटला. काळी पाचवरून दोनदा वर-खाली केल्यावर ती थांबली, पुन्हा वाजवलं, आणि म्हणाली, "हा मालकंस ना?" मग माझ्याकडे वळून विचारलं, "मावशी, आत्ता मी पट्टी बदलली की स्केल?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तिनं भाता धरला आणि काळी एकला सा मानून पुन्हा सुरू केलं.