आयुष्मान वय वंदना कार्ड: सत्तरीनंतरचा अर्ज नेमका कुठे अडतो

वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या कोणत्याही भारतीय नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेच्या वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. 29 ऑक्टोबर 2024 रोजी ही सोय सुरू झाली. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते; कार्ड मात्र प्रत्येकाने स्वतंत्र काढायचे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आजार आधीपासून असले तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण लागू होते, त्यामुळे ते लपवण्याचे काहीच कारण नाही.

नोंदणी आयुष्मान ॲपवर किंवा योजनेच्या रुग्णालयात होते. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, फक्त आधार लागते. आणि घोडे तिथेच अडते. वय आधारवरूनच मोजले जाते. कित्येकांच्या आधारवर अंदाजाने घातलेली तारीख असते आणि ती दुरुस्त करायला जन्मदाखला, पासपोर्ट किंवा पेन्शनचा आदेश असा कागद मागतात. शेतावर जन्मलेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने तो आणायचा कुठून, याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा होता. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईने काहीही लिहून देऊ नये.

दुसरी अडचण बोटांची. चाळीस वर्षे धुणीभांडी केलेल्या एका आजींचा अंगठा यंत्राने पाच वेळा नाकारला. त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. अशा वेळी परत फिरू नये, चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवण्याचा पर्याय आग्रहाने मागावा. ओटीपी हवा असेल तर आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे घरूनच पाहून निघावे.

केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे (सीजीएचएस) किंवा माजी सैनिकांच्या योजनेचे लाभार्थी असलेल्यांना ती योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावे लागते. इथे फार जपून निर्णय घ्यावा, कारण त्या योजनांत दरमहाची औषधे मिळतात, तर वय वंदना कार्ड मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या उपचारांसाठी आहे. साखरेची, रक्तदाबाची आणि हृदयाची गोळी रोज घेणाऱ्याचा खरा खर्च महिन्याच्या औषधांचाच असतो आणि तो या कार्डावर भागत नाही. त्यासाठी सरकारी दवाखाना किंवा जनऔषधी केंद्र गाठावे. खासगी विमा किंवा ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) असणाऱ्यांना मात्र काहीही सोडावे लागत नाही.

रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी 14555 या क्रमांकावर विचारून घ्यावे.