ब्रेन स्टेम आणि ‘ब्रेन डेड’ या शब्दाची पार्श्वभूमी

सोलापुरात आयसीयूबाहेरच्या बाकावर डॉक्टरांचा ‘ब्रेन डेड’ हा शब्द पोचला की त्याचे तीन भाषांत तीन अर्थ होतात. मराठीत कुणीतरी ‘कोमात गेलाय’ म्हणतं, आजी तेलुगूत विचारते शुद्धीवर कधी येणार, आणि मामा गावाकडं फोन लावून कन्नडमध्ये सांगतात की श्वास चालू आहे, काळजी करू नका. आयसीयूत नर्स म्हणून काम करताना हे मी इतक्यांदा बघितलंय की शेवटी या शब्दाचा माग काढायला बसले.

हा शब्द उभा आहे तो ब्रेन स्टेमवर, म्हणजे मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खोडावर. वरून खाली त्याचे तीन भाग: मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला. जुने शरीररचनावाले त्याच्या लगेच वरचा थॅलॅमसचा भागही ब्रेन स्टेममध्ये धरायचे, आता फक्त हे तीन. लांबी जेमतेम ७-८ सेंटीमीटर, पण मेंदूच्या नसांच्या १२ जोड्यांपैकी १० इथल्या. श्वासाचं केंद्र मेड्युलात आहे हे एका फ्रेंच डॉक्टरनं १८११ च्या सुमाराला सशांवर प्रयोग करून दाखवलं. जागं राहण्याचं बटणही याच खोडात आहे हे कळायला मात्र १९४९ उजाडलं, तेही मांजरांवरच्या प्रयोगातून.

खरा गुंता व्हेंटिलेटरनं आणला. त्याआधी ब्रेन स्टेम गेला की श्वास थांबायचा, काही मिनिटांत हृदय थांबायचं, विषय संपला. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा मेडिकलची पोरं पाळ्या लावून हातानं पिशवी दाबत पेशंटना श्वास देत होती, त्यातून पुढं आयसीयू उभं राहिलं, आणि मग असे पेशंट दिसायला लागले ज्यांची छाती मशिनवर हलतेय, हृदय स्वतःच्या तालावर चाललंय, पण मेंदू कायमचा गेलाय. १९५९ ला फ्रेंच डॉक्टरांनी याला ‘कोमाच्या पलीकडची अवस्था’ म्हटलं. १९६८ च्या अमेरिकन समितीनं मेंदूवरून मृत्यू ठरवायचे निकष दिले, पण अहवालाच्या नावात शब्द वापरला ‘कोमा’च! आपल्या बाकावरची माणसं कोमा म्हणतात तर त्यांचं काय चुकलं? शब्द घडवणाऱ्यांनीच तो तिथं ठेवला होता. त्यात पहिलं हृदय प्रत्यारोपण नुकतंच १९६७ च्या डिसेंबरात झालेलं, त्यामुळं अवयवांसाठीच मरणाची व्याख्या बदलली हा संशय तेव्हापासून चिकटला तो आजही सुटलेला नाही.

पुढं दोन वाटा झाल्या. ब्रिटननं १९७६ ला ब्रेन स्टेमचे निकष आणले आणि १९७९ ला स्पष्ट केलं की हे निकष पूर्ण झाले म्हणजे माणूस मेला, कारण शुद्ध आणि श्वास दोन्ही तिथूनच चालतात. अमेरिकेनं १९८१ मध्ये ब्रेन स्टेमसकट अख्खा मेंदू बंद पाहिजे असं धरलं. फरक कागदी वाटेल, पण रक्तस्राव फक्त पॉन्समध्ये झाला तर वरच्या मेंदूत थोडी विजेची हालचाल उरू शकते, आणि तोच पेशंट एका व्याख्येत मेलेला, दुसरीत नाही.

भारतानं १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात ब्रिटिश वाट धरली. कायद्यात शब्द आहे ‘ब्रेन स्टेम डेथ’, नुसतं ब्रेन डेथ नाही. तो १९९५ च्या फेब्रुवारीत सुरुवातीलाच ज्या राज्यांत लागू झाला त्यात महाराष्ट्र होता. मला हा निर्णय बरोबर वाटतो, कारण तपासण्या बेडशेजारी होतात. बॅटरीचा उजेड बाहुलीवर, कापसाचा पीळ बुब्बुळाला, कानात बर्फाचं पाणी, घशात सक्शनची नळी, आणि शेवटी व्हेंटिलेटर काढून नळीतून नुसता ऑक्सिजन सोडत आठ-दहा मिनिटं उघड्या छातीकडं बघत राहायचं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्याच्या वर जाऊनही एक श्वास येत नाही. चार डॉक्टरांचं पॅनल, आणि किमान ६ तासांनी सगळं परत.

घोटाळा असा की ही व्याख्या अवयवदानाच्या कायद्यात आहे, पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात ब्रेन स्टेमचा उल्लेखच नाही. घरच्यांनी अवयव दिले तर माणूस मृत, नाही म्हणाले तर व्हेंटिलेटर काढायचा का यावर डॉक्टर कचरतात. केरळनं २०२० मध्ये स्वतःच्या सूचना काढून अवयवदान असो-नसो मृत्यू तो मृत्यूच असं सांगितलं, बाकी ठिकाणी कुटुंबं अधांतरी राहतात.

मुंबईतल्या अरुणा शानबाग या नर्सची केसही लोक इथंच मिसळतात, २०११ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिलेली. ती ब्रेन डेड कधीच नव्हती. तिचा ब्रेन स्टेम चालू होता, म्हणूनच जवळजवळ ४२ वर्षं ती स्वतःच्या श्वासावर होती.

मागं अक्कलकोट रोडच्या एका मुलाचा बाइकवर अपघात झालेला, दोन्ही टेस्ट होऊन गेलेल्या. आई आत आली, पायाला हात लावला आणि त्याचा हात कोपरातून थोडा वर आला. “ओ सिस्टर, हात हालला की त्याचा!” ही हालचाल मणक्यातल्या मज्जारज्जूची असते, ब्रेन स्टेमच्या खालची, मेंदूचा तिथं संबंध नाही. मी त्यांच्या मानेमागं हात नेऊन दाखवलं की मावशी, इथून वरचं सगळं थांबलंय, हात हालला तो इथून खालचा. त्यांनी बराच वेळ स्वतःच्या मानेवर तीच जागा चाचपली, मग विचारलं, “म्हंजे त्याला दुखत नाय ना?”

नाही दुखत, मावशी.