वाढीव बांधकामाचा नकाशा : काम देण्यापूर्वी वाचावे

वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळ या भागांतील रो-हाउस आणि बैठ्या घरांचे मालक आमच्या वास्तुविशारद कार्यालयात येतात, तेव्हा बहुतेकांचे प्रश्न दोनच असतात : मागे एक खोली किंवा वर एक मजला वाढवता येईल का, आणि नकाशाचे किती घ्याल. या प्रश्नांची उत्तरे आम्ही फोनवर देत नाही, याची काहींना नाराजी वाटते. परंतु किती बांधता येईल हे जागा पाहून जेवढे कळते, त्याहून अधिक त्या घराच्या मंजूर नकाशावरून कळते, आणि नेमका तोच कागद बहुतेक वेळा सोबत आणलेला नसतो.

ग्राहक खरेदीखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती आणि ठेकेदाराने टेप लावून काढलेला कच्चा आराखडा घेऊन येतात. हा आराखडा आज घर जसे उभे आहे तसे दाखवतो. नगररचना विभाग मात्र वाढीव बांधकाम मोजायला सुरुवात करतो ती शेवटच्या मंजूर नकाशापासून. या दोहोंत फरक नसलेले घर आमच्या पाहण्यात क्वचितच येते. मंजूर नकाशात घराच्या मागे मोकळी जागा दाखवलेली असते आणि प्रत्यक्षात तिथे आधीच्या मालकाने धुण्याची मोरी करून वर सिमेंटचे पत्रे टाकलेले असतात; पुढे ते पत्रे जाऊन स्लॅब आलेला असतो, आणि स्वयंपाकघराची भिंत त्या स्लॅबखाली सरकलेली असते. आजच्या मालकाला हे सारे मूळचेच वाटते. ठेकेदाराच्या आराखड्यावर विसंबून आम्ही पुढचा नकाशा काढला, तर तो पहिल्याच छाननीत परत येतो आणि सगळे काम नव्याने करावे लागते.

कर भरतो म्हणजे बांधकाम अधिकृत आहे, हा समज आम्हाला जवळजवळ रोज दूर करावा लागतो. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, आणि त्यावर शास्तीही (दंडही) आकारू शकते. त्या पावतीने परवानगी मिळत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार परवानगीसाठी कलम ४४ खाली अर्ज करून कलम ४५ खाली मंजुरी घ्यावी लागते, आणि ती नसलेल्या बांधकामावर कलम ५३ ची नोटीस येऊ शकते. जुने वाढवलेले बांधकाम चटईक्षेत्र (भूखंडावर एकूण किती बांधता येते ते) आणि सामासिक अंतर (घराभोवती मोकळी सोडायची जागा) यांच्या नियमांत बसत असेल, तर ते शुल्क भरून नियमित करून घेण्याचा प्रस्ताव त्याच अर्जात मांडता येतो. बसत नसेल, तर नकाशावर ते पिवळ्या रंगात, म्हणजे पाडायचे म्हणून, दाखवावे लागते. प्रस्तावित काम लाल रंगात येते. तो पिवळा भाग पाहून चेहरे उतरतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही तो लपवून काढलेल्या नकाशावर आम्ही सही करत नाही.

नवी मुंबईत बहुतांश भूखंड सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, भाडेपट्ट्याने दिलेले असल्यामुळे भाडेपट्ट्याचा करारही वाचावा लागतो. त्यातील बांधकामाच्या अटी आणि घराचे हस्तांतरण तुमच्या नावे पूर्ण झाले आहे की नाही, हे अर्जापूर्वीच पाहिलेले बरे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत सामायिक भिंतीचा प्रश्न वेगळा येतो आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवावे. वरच्या मजल्याबाबत एवढेच सांगतो की, पिलर जाड दिसतात यावरून काही ठरत नाही. पाया एका ठिकाणी उकरून पाहणे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घेणे याला पर्याय नाही, आणि त्याचे शुल्क आमच्या शुल्कापेक्षा वेगळे असते.

काम आमच्याकडेच द्यावे असा आग्रह नाही, परंतु ज्यांच्याकडे द्याल त्यांना नकाशावर सही कोण करणार, हे अवश्य विचारावे. ‘नकाशा फुकट काढून देतो’ म्हणणारा ठेकेदार ड्राफ्ट्समनकडून रेषा ओढून घेतो; अर्ज दाखल करायला मात्र नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता लागतो. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ खाली वास्तुकला परिषदेकडे नोंद झालेल्या प्रत्येकाला ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो मागण्यात संकोच वाटू देऊ नये. आम्ही तो आमच्या प्रत्येक कोटेशनवर छापतो. दुसरी विचारणा, भोगवटा प्रमाणपत्र (बांधलेली जागा वापरण्याची परवानगी) मिळेपर्यंत सोबत राहणार का, ही करावी. प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी) एक वर्षासाठी असते आणि मुदतवाढ धरून जास्तीत जास्त चार वर्षे चालते. त्या काळात जोते (जमिनीवर आलेला पाया) तपासणीपासून काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यापर्यंत सोबत राहणारा माणूस हवा, कारण मध्येच वास्तुविशारद बदलायचा म्हटले की आधीच्याच्या ना-हरकतीसाठी फेऱ्या माराव्या लागतात.

पहिल्या मोजणीभेटीचे आम्ही शुल्क घेतो, यावरही तक्रार होते. त्या भेटीत घराची पूर्ण मोजणी करून ती मंजूर नकाशावर ठेवून पाहिली जाते आणि फरक कुठे आहे ते लेखी दिले जाते. हा कागद घेऊन तुम्ही दुसऱ्या कोणाकडेही जाऊ शकता. काम आमच्याकडे दिल्यास ती रक्कम एकूण शुल्कातून वजा होते.

मंजूर नकाशा हाताशी नसेल, तर आधी सोसायटीच्या दप्तरात किंवा ज्यांच्याकडून घर घेतले त्यांच्याकडे चौकशी करावी. तिथे न मिळाल्यास महापालिकेच्या नगररचना विभागात, आणि घर सिडकोनेच बांधून दिलेले असल्यास सिडकोच्या कार्यालयात, प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो. जुन्या प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक अर्जात लिहिल्यास शोध लवकर लागतो. दाद मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्कात करता येतो आणि त्यावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ज्यांना नोकरीमुळे या फेऱ्या शक्य नाहीत, त्यांच्या वतीने आमचा माणूस हे काम करतो. त्यासाठी मालकाच्या सहीचे अधिकारपत्र आणि भाडेपट्ट्याच्या कराराची झेरॉक्स पुरेशी आहे.